गल्लीच्या मधोमध थांबलेली म्हैस

आमच्या गल्लीत भर दुपारी चोरी झाली की चोरीचा नुसता प्रयत्न झाला, हे अजून ठरलेलं नाही. चोर सापडला, म्हैस गोठ्यात आहे, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात धूळ खात पडली आहे, तरी ठरलेलं नाही. म्हैस वाचली, मग हा माणूस अजून का धुमसतोय, असं लोक माझ्या माघारी विचारतात. त्यांना सांगून उपयोग नाही. मला म्हैस परत नको होती, ती कुठे गेलीच नव्हती. मला माणूस हवा होता. चोर नव्हे, चोराला गाडी देणारा.

तो माझा जुना भागीदार.

मी मुरगूडकडचा. कोल्हापुरात आलो तेव्हा दुसऱ्याच्या म्हशींचं शेण काढत होतो. आज माझा स्वतःचा गोठा आहे आणि बाजारात म्हैस घ्यायची असेल तर लोक मला सोबत घेऊन जातात. म्हशीची कास बघून ती किती दूध देईल ते मी सांगतो, आणि मालकाचा चेहरा बघून तो किती खाली येईल ते. हे मला कोणी शिकवलं नाही. भागीदार मात्र इथलाच, तीन पिढ्यांचा गवळी. सौदा त्याला जमत नसे, पण जनावर त्याच्यामागून चालत यायचं. आम्ही दोघांनी मिळून धंदा उभा केला तो असा: तोंड माझं, हात त्याचे.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची सगर, म्हणजे मिरवणूक, निघते. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ. पुढे मोटारसायकल, तिचा सायलेन्सर काढलेला, आणि त्या आवाजामागे म्हैस गर्दीतून सुसाट पळते. दोरी नाही, काठी नाही. आमची एक पंढरपुरी जातीची म्हैस होती, तलवारीसारख्या शिंगांची. ती रेडकू असल्यापासून आम्ही तिला एकाच गाडीमागे पळवलं. गाडी भागीदार चालवायचा, मी मागून पळायचो. नुसत्या गाडीच्या आवाजावर ती उठायची, चालू लागायची. पण पळायची ती हाळीवर. जिभेने टाळूवर तीन टिचक्या आणि मग घशातून एक लांब ओढ. ती हाळी दोघांनाच येत होती, त्याला आणि मला.

पुढे आमचं फाटलं. कारण सांगत बसत नाही, भागीदारीत कारण लागत नाही. गवळ्यांमधले एक वयस्कर गृहस्थ मध्यस्थीला बसले. भागीदाराला ती म्हैस हवी होती. मी म्हणालो, चारा कुणाचा, पेंड कुणाची? मी दोन तास बोललो असेन. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "घे म्हस. गाडी मला ऱ्हाऊ दे." आणि वर दोन दुभत्या म्हशी घेऊन गेला. चोख सौदा. चार माणसांसमोर झालेला. तरी महिन्याभरात दुधाच्या प्रत्येक कट्ट्यावर त्याने सांगून ठेवलं की मी त्याला फसवलं. ज्या कट्ट्यावर मी रोज संध्याकाळी म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढतो, तिथे माणसं माझ्या भांड्याकडे नको तितकं निरखून बघायला लागली. हे मी विसरलेलो नाही.

तो रविवार होता. गल्ली जेवून आडवी झाली होती. मी आतल्या खोलीत पडलो होतो आणि मला त्या गाडीचा आवाज आला. झोपेत असतानाही तो आवाज मी ओळखतो. आधी वाटलं भागीदार आला, भांडायला. मग आवाज एकाच जागी घुमायला लागला, वाढायचा, उतरायचा, वाढायचा. मी बाहेर आलो. गोठ्याचं दार उघडं, दावं सोडून खुंट्याशी टाकलेलं, आणि म्हैस गल्लीच्या मधोमध उभी. तोंड आवाजाच्या दिशेला, कान पुढे. गल्लीच्या टोकाला एक अनोळखी तरुण गाडीवर बसून मागे बघत रेस देत होता. चेहऱ्यावर घाम. त्याला कळत नव्हतं की इतकी आलेली म्हैस आता पुढे का येत नाही. तो "ये, ये" करत होता, कुत्र्याला बोलवावं तसं.

मी ओरडलो. तो पळणार तर घाईत गाडी बंद पडली. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली आणि त्याला धरलं. ऊन फार होतं. मी म्हशीला आत नेली, बांधली, पाणी दाखवलं. हे मी पोलीस येण्याआधी केलं. कोणीही केलं असतं.

पोलीस आले तोवर अख्खी गल्ली जमली होती. तरुण सीमेपलीकडचा निघाला, निम्मं कानडी बोलायचा. गाडी कुणाची विचारल्यावर त्याने भागीदाराचं नाव सांगितलं. "त्येंनी दिली वापरायला." माझं डोकं तिथेच फिरलं. गर्दीत पलीकडच्या गल्लीतला एक दूधवाला होता, भागीदाराच्या बैठकीतला. तो हसून म्हणाला, "काय मालक, तुमची पाडव्याची राणी कुणाच्याबी मागं जाती व्हय आता?"

दोघे-तिघे हसले.

"कोन म्हनतो गेली?" मी म्हणालो. "माझी म्हैस माझ्या हाळीशिवाय खूर उचलत न्हाय! गोठ्यात बांधल्याली हाय की ती, बघ जा!"

"व्हय व्हय," शेजारचे एक काका पुढे आले. "हलली न्हाय. मी सोता बघितलं. बसून रवंथ करत हुती."

त्यांनी तिला गल्लीत उभी बघितली होती. तिला आत नेताना माझ्यासाठी वाट त्यांनीच मोकळी केली होती. पण गल्लीच्या म्हशीच्या अब्रूचा प्रश्न होता. दुसरा म्हणाला, हलली नाही. तिसरा म्हणाला, तिने त्या पोराकडे बघितलंसुद्धा नाही. हवालदार लिहीत गेला. पंच म्हणून काकांची आणि त्या दुसऱ्याची सही झाली. माझ्या फिर्यादीत आलं की आरोपीने दावं सोडलं, गाडीचा आवाज करून म्हशीस नेण्याचा प्रयत्न केला, परंतु म्हैस जागची हलली नाही. मी वाचून, समजून सही केली. तो दूधवाला मान खाली घालून निघून गेला. त्या संध्याकाळी कट्ट्यावर मी ताठ उभा होतो.

आठवड्याने वकीलबाईंकडे गेलो. भागीदाराला अजून नुसतं चौकशीला बोलावत होते आणि सोडत होते. माझं एकच मागणं होतं, त्याला पिंजऱ्यात उभा करा.

बाईंनी कागद वाचले आणि विचारलं, "म्हैस खरंच हलली नव्हती?"

"का?"

"आधी सांगा."

"गल्लीत आलती."

त्यांनी कागद खाली ठेवला. "अहो, मग ही चोरी आहे. पूर्ण. कायद्यात जनावराचा दाखलाच दिलाय. एकानं खिशात खाणं ठेवलं आणि दुसऱ्याचा कुत्रा त्याच्यामागं चालायला लागला. चालायला लागला तिथंच चोरी झाली. घरापर्यंत न्यायला लागत नाही. मधे नवा कायदा आला, कलमांचे आकडे सगळे बदलले, पण कुत्रा तोच आहे. तुमच्या गाडीचा आवाज म्हणजे त्या खिशातलं खाणं."

"मग कुठं अडलं?"

"तुम्ही लिहून दिलंत की कुत्रा चाललाच नाही. म्हणजे उरला प्रयत्न."

"प्रयत्नाला काय हाय?"

"पुऱ्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जितकी कैद, तिच्या निम्म्यापर्यंत."

"आणि गाडी देणाऱ्याला?"

"चोरी पुरी झाली आणि त्यानं जाणूनबुजून मदत केली असेल, तर चोराइतकीच. मदत करणारा लांब बसला म्हणून सुटत नाही. पण ज्या गुन्ह्यासाठी मदत केली तो घडलाच नाही, तर त्याचा हिशेब वेगळा. चौथाईपर्यंत."

"चौथाई?"

"जास्तीत जास्त."

मी उठून उभा राहिलो. "बाई, निम्म्यावर या की. चौथाई म्हंजे काय? मेथीची पेंडी हाय का ही?"

"मी कुठं विकायला बसलेय?" त्या हसल्या. "भाव तुम्हीच पाडलाय. सही आहे खाली."

आयुष्यभर मी समोरच्याचा भाव पाडत आलो. ह्या एका व्यवहारात मी माझ्याच तोंडाने भाव पाडून दुसऱ्याला दिला होता, आणि वर गल्लीची साक्ष लावली होती. घरी आलो तो तडक गोठ्यात गेलो. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो, तर मला तिचाच राग आला. हलली तर हलायचं होतंस पुरतं. नाहीतर बसून राहायचं होतंस.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. नुसती तयारी हा गुन्हा नाही. तो तरुण गाडी घेऊन रंकाळ्याला चकरा मारत बसला असता तर त्याच्या मनात काहीही असो, कायदा त्याला विचारत नव्हता. आणि भागीदाराला गाडी कशासाठी जातेय हे ठाऊक नसेल, तर त्याने फक्त एक गाडी उसनी दिली, एवढंच. सगळं त्याला ठाऊक होतं की नाही, यावर उभं होतं. मला हे पटलं नाही. आमच्या धंद्यात सौद्याची बोली वेगळी आणि दावं हातात देणं वेगळं, एवढं मलाही कळतं. पण मनात काय होतं ते कोण मोजणार? मी माणसाच्या मनातलं ओळखतो हे खरं, पण मी ओळखलं म्हणून कोर्ट लिहून घेणार नव्हतं.

दिवस गेले तसा मी उतावळा होत गेलो. रात्री अंथरुणात दोन माणसांशी वाद घालायचो, एकदा भागीदाराशी, एकदा त्या काकांशी. बायको म्हणाली, "म्हस हाय न्हवं दारात? मग झोपा की." मी म्हणालो, "तुला कळायचं न्हाय." ती म्हणाली, "मला तुमच्या भागीदाराचंबी कळत हुतं आनि तुमचंबी. म्हनून तर गप ऱ्हाते."

शेवटी पुरवणी जबाब द्यायचं ठरवलं. म्हैस हलली असं लिहून द्यायचं. ह्याचा अर्थ काय होता ते मला पक्कं माहीत होतं. ज्या म्हशीमुळे पाडव्याला माझ्यासाठी रस्ता मोकळा होतो, ती परक्याच्या मागे दारातून उठून गेली, हे मी माझ्या हाताने सरकारदरबारी नोंदवणार होतो. ते दोन दिवसांत सगळ्या कट्ट्यांवर पोचलं असतं. पण भागीदार चौथाईत सुटतो, हे त्याहून सोसवत नव्हतं.

ठाण्यात गेलो तर बाकावर तोच बसलेला. त्यालाही बोलावलं होतं. केस पांढरे झाले होते. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय, बरी हाय का म्हस?"

"तुला काय करायचंय?"

"न्हाय, उन्हाळ्यात तिच्या डाव्या खुराला तडं जात्यात. तेल लावतोस का?"

तेल मी लावत नव्हतो. तडे गेले होते.

ठाण्याच्या साहेबांनी मला समोर बसवलं. वयाने माझ्याहून लहान, पण निवांत माणूस. "बोला मालक. हलली की नाही हलली, एकदा नक्की करा."

"हलली. लिवा. गोठ्यातनं भाईर आली, गल्लीच्या मधोमध."

"पहिल्यांदा खोटं का सांगितलं?"

"खोटं न्हाय. राग आलता."

साहेबांनी "रागाच्या भरात" असं काहीतरी लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "आणि मग मधेच थांबली का?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. जनावराच्या बाबतीत मला विचारलं की माझ्या तोंडून खरंच येतं. मी म्हणालो, "हाळी न्हाय मिळाली. आवाजावर ती चालती, पुढं जायाला हाळी लागती."

"ही हाळी कुणाकुणाला येते?"

"मला." मी बाकाकडे बघितलं नाही. "आनि ह्याला."

"म्हणजे यांनी ती त्या पोराला सांगितली नव्हती."

"साहेब," बाकावरून आवाज आला, "मला म्हस चोरायची असती तर मी सोता गाडीवर बसलो असतो की. निपाणीपत्तुर आली असती मागनं."

"तू गप रे," साहेब म्हणाले, पण त्यांनी ते लिहिलं. मी म्हणालो, ते हाळीचं वाक्य नको, पहिलं तेवढं ठेवा. म्हैस हलली एवढंच. साहेबांनी मान वर केली. "मालक, हा बाजार नाही. निम्मं घेतो आणि निम्मं परत, असं चालत नाही इथं." मी सही केली. पहिल्या वाक्याने चोरी पुरी झाली होती. दुसऱ्याने, ज्याला अडकवण्यासाठी ती पुरी करून घेतली, तोच बाहेर सरकत होता.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्या मागोमाग आला. त्याची गाडी तिथेच भिंतीला टेकवलेली होती, चाकातली हवा गेलेली. आम्ही दोघेही तिच्याकडे बघत उभे राहिलो. आसपास कोणी नव्हतं. मी सरळ विचारलं, "तुला ठाऊक व्हतं का?"

"काय?"

"कशाला गाडी मागतोय त्ये."

"व्हय," तो म्हणाला. "बाजारात भेटलता. इचारत व्हता, ती म्हस कशी पळती म्हनून. मी म्हनलं, ह्या गाडीच्या आवाजावर उठती. मग म्हनाला, दे की दोन दिस."

"आनि दिलीस?"

"दिली. ती तुझ्या दारातनं माझ्या गाडीमागं उठून येती का न्हाय, ते बघायचं व्हतं. म्होरं जानार न्हवती, हाळी मी दिली न्हवती त्येला." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आली की न्हाय? आता तूच लिवून दिलंस."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी त्याची गचांडी धरली होती आणि दुसरा हात वर गेला होता. हवालदाराने तो मनगटात पकडला. कुणीतरी ओरडलं आणि साहेब दारात आले.

"काय चाललंय? ठाण्यात?"

"साहेब, हा कबूल झाला," मी म्हणालो. मला धाप लागली होती. "आत्ता, हितं. ठाऊक व्हतं म्हनाला. गाडी जानून दिली म्हनाला."

साहेब त्याच्याकडे वळले. "म्हणालास?"

त्याने शर्ट सारखा केला. वरचं बटण तुटून लोंबत होतं. "साहेब, आधी ह्ये इचारा की, ह्यानं मला मारलं का."

"मारलं का?"

"न्हाय. बटन लावत व्हता माझं." तो माझ्याकडे बघत राहिला. "त्यो मारायला आला न्हाय, आनि मी काय बोललो न्हाय. दोन्ही लिवायचं असंल तर दोन्ही लिवा. न्हायतर काहीच लिवू नका."

ज्या माणसाला दोन तासांच्या बैठकीत एक म्हैस राखता आली नव्हती, तो पोलिसांसमोर माझ्याशी सौदा करत होता. तो काय देतोय आणि काय घेतोय, हे मला लगेच कळलं. मी बोललो तर हात उचलल्याचं त्याच्याकडे होतं, हवालदार साक्षीला. मी गप्प बसलो तर ते 'ठाऊक होतं' फक्त माझ्या कानात राहणार होतं. माझा हात खाली पोचला नव्हता. पोचू दिला नव्हता. बाई म्हणाल्या असत्या, प्रयत्न.

"काय मालक?" साहेब म्हणाले. "काय लिहू?"

मी पाहिलं, हवालदार अजून माझं मनगट धरून होता.

"काय न्हाय," मी म्हणालो.

साहेब आत गेले. भागीदार पायऱ्या उतरून चालत निघून गेला, गाडीकडे न बघता.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पुरवणी जबाब आहे, तेवढ्यावर सरकार पक्ष दोघांनाही उभं करायला बघेल, पण उलटतपासात आरोपीचा वकील तुम्हाला पहिली फिर्याद वाचून दाखवेल, मग पंच येतील आणि शपथेवर सांगतील की म्हैस रवंथ करत होती. काकांना मी समजवायला गेलो, तर दारातूनच म्हणाले, "तुमच्यासाठी सही केली, आता तुम्हीच आम्हाला खोटं पाडता व्हय? गल्लीत तोंड कसं दाखवायचं आम्ही?" त्यांनी मला आत बोलावलं नाही.

तारीख पडते आहे. साक्षीला उभा राहीन तेव्हा भागीदार समोर असेल. व्हरांड्यात तो काय बोलला, ते मी तिथे सांगू शकतो, शपथेवर. ते खरं आहे. मग मला विचारतील की त्याच दिवशी साहेबांना का सांगितलं नाही. ह्याचं उत्तर मी रोज जुळवतो. आंघोळ करताना, कट्ट्यावर धार काढताना, गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना. काल एकाने विचारलं, मालक, कुणाशी बोलताय? मी त्याला शिवी दिली. तो दूध न घेता गेला.